बर्मिंगहॅमची कुत्र्यांची जत्रा

कुत्र्यांचीही जत्रा भरते आणि तिकीट काढून दीड लाखाच्या आसपास माणसे ती पाहायला जातात, असे मी ऑफिसात सांगितले तेव्हा सगळे हसले. पण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी दरवर्षी मार्च महिन्यात चार दिवस ही जत्रा भरते. तिचे नाव 'क्रफ्ट्स'. सुमारे वीस हजार कुत्री तिच्यात उतरतात. २०२५ च्या मार्चमध्ये मला ती पाहण्याचा योग आला. नायगावच्या चाळीतला माझा बालमित्र गेली बावीस वर्षे बर्मिंगहॅमला बस चालवतो. विमानाचे अर्धे भाडे त्याने घातले, अर्ध्यासाठी मी पतपेढीचे कर्ज काढले. तो म्हणाला, "राजवाडा काय, सगळेच बघतात. चल, तुला इथली माणसं दाखवतो."

न्यू स्ट्रीट स्टेशनातून गाडीने दहा-बारा मिनिटांत बर्मिंगहॅम इंटरनॅशनल हे स्टेशन येते. तेथून चालतच प्रदर्शनाच्या दालनांत शिरता येते. एकेक दालन एवढे, की आपली आख्खी चाळ आत मावेल. तिकिटाच्या पौंडांचे मनात रुपये करायचे नाहीत, अशी मित्राने आधीच ताकीद दिली होती. मी केलेच.

या जत्रेचा इतिहास मोठा मजेचा आहे. चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक तरुण लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे करणाऱ्या स्प्रॅट कंपनीत हरकाम्या पोऱ्या म्हणून लागला. पुढे तो कंपनीचा फिरता विक्रेता झाला. बिस्किटे विकता विकता बड्या कुत्रेवाल्यांशी ओळखी झाल्या आणि १८९१ साली त्याने लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्वतःच्या नावाने प्रदर्शन भरवले. १९३८ साली तो वारला. त्यानंतर हे प्रदर्शन केनेल क्लबने घेतले. हा क्लब १८७३ पासूनचा. कोणत्या कुत्र्याचे आईबाप कोण, आजा-पणजा कोण, याच्या वह्या ठेवणे हे त्याचे मुख्य काम. लंडनची जागा अपुरी पडू लागली तेव्हा १९९१ पासून, म्हणजे शंभराव्या वर्षी, जत्रा बर्मिंगहॅमला आली.

आत शिरल्यावर पहिले नवल वाटले ते शांततेचे. हजारो कुत्री एका छपराखाली आणि भुंकणे जवळजवळ नाहीच! प्रत्येक कुत्र्याला नंबर लावलेला एक लाकडी खण असतो. त्यात तो दिवसभर बसतो, झोपतो. मालकीणबाई शेजारीच घडीच्या खुर्चीवर डबा उघडून बसलेल्या असतात. कोठे फणी चालली आहे, कोठे पावडर, कोठे केस वाळवायचे यंत्र. एका पूडलचे केस विंचरायला दोन बाया लागल्या होत्या. आमची सौ. असती तर म्हणाली असती, लग्नात माझी वेणी घालायला कोणाला एवढी सवड नव्हती.

मग हिरव्या गालिच्याचे रिंगण. परीक्षक येतो, कुत्र्याचे दात पाहतो, पाठ, मांड्या, छाती हाताने चाचपतो, पळवून चाल बघतो. मला वाटले होते कुत्री एकमेकांशी ताडून बघतात. तसे नाही. प्रत्येक जातीचे आदर्श वर्णन क्लबाने लिहून ठेवलेले आहे. कान असे, शेपटी अशी, नाक असे. त्या वर्णनाच्या जो सर्वांत जवळ, तो पहिला. आपण मराठीत 'जातिवंत' म्हणतो ते हेच.

आणि येथेच गोम आहे. वर्णनातले नाक चपटे हवे म्हणून पिढ्यान्पिढ्या चपट्या नाकाचीच जोडी लावली, तर कुत्र्याला श्वास घेणे कठीण होते. बुलडॉगचे डोके एवढे मोठे आणि मादीचा कटिभाग एवढा अरुंद करून ठेवला आहे, की त्यांची बहुतेक बाळंतपणे सिझेरियनने होतात. २००८ साली बी.बी.सी.ने जातिवंत कुत्र्यांच्या या हालांवर माहितीपट दाखवला आणि गदारोळ उठला. पुढच्या वर्षापासून बी.बी.सी.ने ही जत्रा दाखवणेच बंद केले. क्लबालाही हलावे लागले. काही वर्णने बदलली. २०१२ साली पंधरा जातींच्या पहिल्या आलेल्या कुत्र्यांची पशुवैद्यांकडून तपासणी झाली, तेव्हा सहा जातींचे विजेते नापास ठरले. परीक्षकाने पहिला नंबर दिला आणि डॉक्टरने बाद केला!

मित्राच्या डेपोतला एक मेकॅनिक आपली डालमेशियन कुत्री घेऊन आला होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली ही जात. आम्हाला त्याने चहा पाजला आणि तिची कथा सांगितली. मित्र मधून मधून मराठीत उलगडून सांगत होता. या जातीच्या रक्तातच खोट होती. शरीरातल्या युरिक आम्लाचा नीट निचरा होत नसे, त्यामुळे मूतखडे होत, नर कुत्र्यांची लघवी तुंबे. शुद्ध डालमेशियन जगभर शोधला तरी हा दोष नसलेला सापडेना. शेवटी १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, पॉइंटर या दुसऱ्या जातीशी संकर केला. त्यानंतर पुढच्या सगळ्या पिढ्या डालमेशियनशीच जुळवल्या. त्या वंशात निरोगी पिल्ले निपजू लागली. ठिपके तेच, चाल तीच, आजार मात्र गेला.

पण अमेरिकेच्या क्लबाने १९८१ साली अशी दोन कुत्री वहीत घेतली आणि सभासदांनी ओरड करताच दार लावून घेतले. ते पुन्हा उघडायला २०११ साल उजाडले. ब्रिटनमध्ये फियोना नावाची या वंशातली कुत्री २०१० साली वहीत नोंदली गेली. २०११ साली ती याच जत्रेच्या रिंगणात उतरली तेव्हा भेसळीची कुत्री येथे कशी, म्हणून तक्रारी झाल्या. संकर होऊन तीस वर्षांवर काळ लोटला होता, कितीतरी पिढ्या गेल्या होत्या.

मित्र म्हणाला, "आपल्याकडे कसं, सगळं बोलून झालं की हळूच आडनाव विचारतात."

मेकॅनिकने विचारले, काय म्हणाला? मित्राने ते इंग्रजीत सांगितले. त्या भल्या माणसाला काही कळले नाही. आडनावात काय असते, तो म्हणाला. आम्ही दोघे हसलो. त्याच्या कुत्रीचा त्या दिवशी नंबर लागला नाही. त्याने तिला खिशातली सुकी मासळी दिली, कान खाजवले आणि सामान आवरायला लागला.

तसे संकराच्या कुत्र्यांसाठीही आता येथे 'स्क्रफ्ट्स' नावाची वेगळी स्पर्धा असते. तिच्यात स्वभाव आणि तब्येत बघतात. पण जत्रेचा मोठा चषक तिच्या विजेत्याला मिळत नाही.

जाता जाता अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेचा स्टॉल लागला. एक पिवळसर कुत्री मुलांच्या गराड्यात निवांत पडली होती. मी जात विचारली. स्टॉलवरच्या बाई म्हणाल्या, लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचा संकर. या कामाला हा संकर फार चांगला, दोन्हीकडचे गुण उतरतात.

रविवारी रात्री अंतिम फेरी आम्ही मित्राच्या घरी टी.व्ही.वर पाहिली. इटलीहून आलेली मिउच्चा नावाची व्हिपेट कुत्री सर्वांत पहिली आली. इटलीला हा मान प्रथमच. हरणासारखी सडपातळ आणि खरोखर देखणी. वहिनींनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मित्राची सकाळची पाळी होती. मी त्याच्याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसलो. साडेसातच्या सुमारास एका थांब्यावर त्याने बस अगदी कडेला लावली आणि पायरी खाली घेतली. काळा चष्मा घातलेले एक वयस्कर गृहस्थ चढले, पुढे तसाच पिवळसर कुत्रा. "मॉर्निंग," मित्र म्हणाला. कुत्रा आपणहून सीटखाली शिरला, पंजावर हनुवटी टेकली. गृहस्थांनी घंटा दाबली तेव्हा तो उठला, दारापर्यंत गेला आणि पायरीच्या काठावर थांबला. मागून त्यांचे पाऊल पडेपर्यंत तो हलला नाही.