सायकलस्वारानें पोहावें काय?

धुळ्याहून पारोळें, एरंडोल या मार्गानें जळगांवास यावयाचें म्हणजे सुमारें 90 किलोमीटरांची मजल. ती सायकलवर पुरी करण्याची हौस आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस दरवर्षीं होते. तयारीविषयीं कोणी विचारलें तर आम्ही सांगतों, आठवड्यांतून दोन दिवस सायकल घरीं ठेवा व पोहावयास जा. मुलें हसतात. ज्यास चाकांवर जावयाचें त्यानें पाण्यांत हात मारून काय मिळवावें?

ही शंका अगदींच पोकळ नाहीं. पायडल मारण्याचें बळ पायडल मारूनच येतें. परंतु चाळिशी ओलांडल्यावरही आम्ही शाळेंत सायकलनेंच जातों, आणि लांबच्या रपेटीनंतर आमची तक्रार मांड्यांची नसते. पाठ, मान व तळहात यांची असते. सायकलस्वार तासन् तास कमरेंत वांकलेला, छाती दबलेली, अंगाचा भार हातांवर! उताणें पोहतांना खांदे मागें जातात, छाती फुलते, कंबर सरळ होते, आणि सांध्यांवर भार जवळजवळ पडतच नाहीं. पालथें पोहतांना श्वास पाण्यांत हळूहळू सोडावा लागतो व ठरल्या क्षणींच घ्यावा लागतो; ही संवय चढावरही कामास येते, असा आमचा अनुभव आहे. हाडांस मात्र या दोन्ही व्यायामांत फारसा भार मिळत नाहीं. त्यांच्यासाठीं चालणें, धांवणें हवेंच.

गोव्यांत 2019 सालीं एक शर्यत झाली: प्रथम समुद्रांत 1.9 किलोमीटर पोहणें, मग 90 किलोमीटर सायकल, शेवटीं 21.1 किलोमीटर धांवणें. सायकलचा भाग आपल्या धुळें-जळगांव रस्त्याएवढाच! पोहण्यांतील राष्ट्रीय विजेते मिलिंद सोमण यांनीं तर 2015 सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिच येथें याच्या दुप्पट अंतराची शर्यत पुरी केली.

शिवाय आपला खानदेशी उन्हाळा! मे महिन्यांत जळगांवचा पारा 45 अंशांस टेकतो. अशा दिवसांत दम टिकविण्यास पहांटेच्या पाण्यासारखा उपाय नाहीं. पण पाणी कोठलें? पाठीला कोरडा भोपळा किंवा पांगाऱ्याचें लांकूड बांधून विहिरींत पोहावयास शिकविण्याची आपली जुनी चाल आहे. आम्हीही तसेच शिकलों. दोराचें टोंक काकांच्या हातांत असे. आज मुलें सायकली काढून थेट धरणावर जातात, आणि दोर धरणारें कोणी नसतें. दर उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत तीच बातमी येते. आमच्या एका वर्गांतील एक जागा अशीच रिकामी झाली. काठावर सायकल उभी होती, तिच्या दांडीवर सदरा होता. तेव्हांपासून पोहणें शिकण्याचा आमचा आग्रह केवळ व्यायामापुरता राहिलेला नाहीं. ज्यास पोहतां येत नाहीं, त्यानें जाणत्या मनुष्यावांचून पाण्यांत उतरूं नये. येतें त्यानेंही अनोळखी पाण्यांत उडी घेऊं नये.

कसलेल्या सायकलस्वाराची पहिल्या दिवशीं फजितीच होते. घोटे ताठर, पाय खालीं जातात. लळिंगचा घाट न थांबतां चढणारा गडी 25 मीटरांत तलावाचा कठडा धरतो. त्यानें त्या दिवशीं अंतर मोजूं नये. कठडा धरूनच तोंड पाण्यांत घालावें व श्वास सोडण्याचा सराव करावा.