भोंग्यानंतरची रात्रपाळी

क्लब म्हटला की आमच्या चाळीत नाके मुरडली जातात. ‘श्रीमंतांचे चोचले!’ म्हणून विषय मिटतो. पण लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात असा एक क्लब होऊन गेला, की त्याचा विषय इतक्या सहज मिटवू नये असे मला वाटते.

त्याचे नाव ‘ब्लू फ्रॉग’. २००७ च्या डिसेंबरात तो एका जुन्या गोदामात सुरू झाला. ध्रुव घाणेकर, आशुतोष फाटक हे संगीतकार त्याच्या संस्थापकांत होते. सिनेमाच्या गाण्यांवर तिथे भिस्त नव्हती. वादकांनी स्वतः रचलेले संगीत समोर बसून ऐकायचे. बैठकीचे गोल कप्पे पायरीपायरीने उंच केलेले, म्हणजे मागच्यालाही रंगमंच दिसावा. जोडीला ध्वनिमुद्रणाची सोय. २०१६ च्या ऑगस्टात तो बंद झाला. पुरती नऊ वर्षेही नाहीत!

तेव्हा माझे आत जाण्याचे वय नव्हते, आणि ऐपत तर घरात कोणाचीच नव्हती. माझे आजोबा त्याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. पुन्हा कामावर जाणे झालेच नाही. पण त्यांच्या आठवणीतले गिरणगाव मुके नाही. पाळी सुटल्यावरचे भजन, गणपतीतली शाहिरी, लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा! साच्यांच्या खडखडाटाने बधिर झालेले कान ढोलकी ऐकताच ताजे होत म्हणे.

मी आजोबांना ब्लू फ्रॉगची हकीकत सांगितली. दारूविषयी, तिकिटाविषयी ते बोलतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “मग ती वाजवणारी पोरं गेली कुठं?”

संप फसल्यावर चाळीचाळीतल्या माणसांविषयी हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल? गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले, ते सर्वांना दिसते. जागेचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो. रिकाम्या झालेल्या हातांचा हिशेब कोण ठेवतो? साचेवाला काय नि गिटारवाला काय, आपल्या कसबावर पोट भरू पाहणारी माणसेच ती.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. इतिहासाच्या वहीत संपाची तारीख लिहिली, तेव्हा तिच्याखाली आजोबांचा प्रश्नही लिहून ठेवला. परीक्षेत तो येणार नाही. पण उत्तर मला शोधायचे आहे.