वीस सेकंदांचं पाणी

साबणानं वीस सेकंद हात धुवा, असं २०२०च्या उन्हाळ्यात टीव्ही, मोबाइल, भिंती सगळेच सांगत होते. धारावीतल्या खोलीत ते ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे आधी घरातलं पिंप येत असणार. नळाला पाणी येईल तेवढ्या वेळात ते भरायचं. रांधणं, भांडी, लेकराची आंघोळ सगळं त्यात भागवायचं. हात किती वेळा धुवायचे, हे त्या पिंपाचा तळ ठरवतो.

१ एप्रिलला धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि त्याच दिवशी दगावला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसं. खोली तीच, कारखाना तोच. आजाऱ्याला निजवायला फार तर पोटमाळा. बहुतेक घरांत संडास नाही. घरी थांबा म्हटलं तरी सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचंच आणि शेकडो हात लागलेली कडी आपणही ओढायची. टाळेबंदीत कामावर जाणारेही घरीच, म्हणजे रांग आणखी लांब.

महापालिकेनं हे ओळखलं, याचं मोल मला फार वाटतं. सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा जंतुनाशकानं धुतले गेले, वस्तीतलेच खाजगी डॉक्टर गल्ल्यांतून फिरले, शाळा आणि क्रीडासंकुलात विलगीकरणाची सोय झाली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं, तेव्हा ऊर भरून आला.

पण त्याच महिन्यात मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या रक्ततपासणीचे आकडेही आले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं, बाहेर १६ टक्क्यांत. दाटी आणि सामायिक संडास हे त्याचं एक कारण असावं, असं महापालिकेनंच म्हटलं.

दाटीवर इलाज म्हणून १८९६च्या प्लेगनंतर याच शहरात इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते झाले. उठवलेली गरीब माणसं दुसऱ्या दाटीत शिरली. पुढे पाण्यालाही तारीख चिकटली. १ जानेवारी २०००नंतरच्या झोपड्यांना अधिकृत नळ नाही, ही अट डिसेंबर २०१४मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालयानं सांगितलं. त्यानंतर पाच वर्षांनी साथ आली, तेव्हाही कितीतरी वस्त्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होत्या. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आलं २०२२मध्ये, साथीच्या लाटा ओसरल्यावर.

म्हणून साथीत संडास किती वेळा धुतले, हे मला आता कुणी सांगू नये. आज त्यांच्या टाकीत दिवसातले किती तास पाणी असतं, ते सांगावं.