पदराची उलटी बाजू

येवल्यात पैठणी विकणारा माणूस गिऱ्हाइकाचं मन पुस्तकात वाचून ओळखत नाही. गादीवर बसून बसूनच ते कळू लागतं. लग्नाच्या खरेदीला आलेलं कुटुंब समोर बसलं की मी पाकीट कोणाच्या खिशात आहे हे बघत नाही, आजीच्या बोटांकडे बघतो. ज्या काठावरून ते बोट दोनदा फिरलं, त्या काठाभोवतीच शेवटी बोलणं होतं. पैसे देणारे काका बहुधा भिंतीला टेकून हिशेब करत असतात.

आधी भरजरी, महागातली पैठणी उलगडायची, नारळी काठाची साधी मागून काढायची, ही रीत जुनी आहे. मोठा आकडा कानावर पडला की पुढचा आवाक्यातला वाटतो. 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांनी हेच शास्त्रीय प्रयोगांतून मांडलं. ‘ताई, पदर खांद्यावर घेऊन आरशात बघा,’ असं आम्ही म्हणतो, त्यामागेही कारण आहे. एकदा आपली वाटलेली वस्तू सोडताना माणूस तिचं मोल जास्त लावतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 मध्ये यावर लिहिलं.

हे कसब मला वाईट वाटत नाही. अंगावर घेतल्याशिवाय रेशमाचा रंग चेहऱ्याला खुलतो की नाही, हे कळतच नाही. वाईट आहे ती खोटी घाई. ‘एवढाच पीस राहिलाय’ हे हातमागाच्या पैठणीबद्दल बहुधा खरं असतं, कारण एकेक विणायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. यंत्रमागाच्या ढिगातल्या साडीबद्दल तेच म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. ऑनलाइन विक्रीतल्या अशा तेरा क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये बंदी घातली, आणि खोटी घाई त्यांतलीच एक. सिल्क मार्क दाखवून हातमागाचा भाव लावणं हीही लबाडीच. तो शिक्का रेशीम अस्सल असल्याचं सांगतो, साडी हाताने विणल्याचं नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. मन वळवायचं ते गिऱ्हाइकाला माल नीट दिसावा म्हणून. तो लपवण्यासाठी नव्हे. किंमत बोलण्याआधी मी पदर उलटा करतो. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत विणकर मोर भरतो, त्यामुळे मागच्या बाजूलाही मोर जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. दोन्ही साड्या शेजारी ठेवल्या की फरक सांगावा लागत नाही. मग कमी पैशांत यंत्रमागाची घेणारी ताईसुद्धा काय घेतलं हे जाणून, समाधानाने घेते.

पैठणी घ्यायला याल तेव्हा चहा जरूर घ्या, आरशातही बघा. पण पैसे मोजण्याआधी पदर उलटा करायला सांगा, आणि जो दुकानदार टाळाटाळ करेल, त्याच्या गादीवरून उठा.