रिपोर्टातलं 'नॉर्मल' नेमकं कुणाचं?

सॉफ्टवेअरमध्ये 'लोकॅल' नावाची एक सेटिंग असते. ०४/०७ ही तारीख अमेरिकेत ७ एप्रिल होते आणि कोल्हापुरात ४ जुलै. आकडा तोच, अर्थ वेगळा. गंमत म्हणजे प्रोग्रॅम बंद पडत नाही, एररसुद्धा येत नाही. मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो आणि पुढे जातो. असले बग सगळ्यात बेकार.

गेला महिनाभर हेच डोक्यात घोळतंय, पण कारण हापिसातलं नाही. कारण आहे काकांची फाईल.

काका कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. वय ५४. रक्तदाबाने दोन्ही किडन्या गेल्या, दीड वर्ष डायलिसिस झालं आणि तीन वर्षांपूर्वी काकूंनी आपली एक किडनी त्यांना दिली. डायलिसिसच्या दिवसांत पाणीसुद्धा मोजून प्यायचं, केळं बंद, शहाळं बंद. (दोन्हींत पोटॅशियम भरपूर.) किडनी बसली आणि सगळं एकदम मोकळं झालं. त्यात स्टेरॉईडच्या गोळ्यांनी भूक सणकून लागते. आणि आपलं कोल्हापूर! ज्याच्या घरी जावं तो म्हणणार, "आता कसलं पथ्य? नवी किडनी बसवलीय की!" मग तांबडा, पांढरा, रविवारची मिसळ. नाद खुळा! वजन ५८ किलोवरून ६६.

घरात क्रिएटिनिनचा आकडा सेन्सेक्ससारखा बघितला जातो. तो १.२ आला की सगळे खूश. उपाशीपोटी साखर ९६, मर्यादेत. बीएमआय २४.२, २५च्या आत, म्हणजे तोही नॉर्मल. मी सहज टेप घेऊन काकांचं पोट मोजलं. ३७ इंच, म्हणजे ९४ सेंटीमीटर. हा आकडा फाईलमध्ये कुठेच नव्हता. मग वाचत बसलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की किडनी बदलली म्हणजे हृदय सुटलं असं नाही. पाश्चात्त्य देशांत बसवलेली किडनी चालू असतानाच जे रुग्ण दगावतात, त्यांच्यात हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे. आपल्याकडे संसर्गाने जास्त लोक जातात, पण म्हणून हृदयाचा धोका कमी होत नाही. ज्या गोळ्या किडनी टिकवतात त्यातल्या काही हृदयाच्या मुळावर येतात. टॅक्रोलिमस स्वादुपिंडातलं इन्सुलिन कमी करतं. स्टेरॉईडमुळे आहे ते इन्सुलिन नीट लागू पडत नाही. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढतं. आधी मधुमेह नसलेल्या माणसालाही प्रत्यारोपणानंतर तो होऊ शकतो. वर सकाळी घेतलेल्या स्टेरॉईडचा परिणाम दुपारी-संध्याकाळी दिसतो, त्यामुळे उपाशीपोटीची साखर बरेचदा साळसूद दिसते.

आता यात आपलं भारतीय शरीर मिसळा.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याला दोघे सारखेच. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होतं ते मुख्यतः स्नायूंचं वजन. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून जाड.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये सुचवलं, की आशियाई लोकांसाठी बीएमआय २३च्या वर गेला की सावध व्हावं. पोटाच्या घेराची आपल्यासाठीची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८०. काकांच्या रिपोर्टातलं 'नॉर्मल' होतं ते दुसऱ्या लोकॅलचं.

हृदयाचा धोका सांगणाऱ्या गणितांचंही तसंच. त्यातलं सर्वांत गाजलेलं गणित आलं ते अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातून. तिथे १९४८ पासून ५,२०९ लोकांचा अभ्यास सुरू झाला, बहुतेक सगळे गोरे. प्रत्यारोपण झालेल्या माणसांना हे गणित लावलं तर ते धोका कमी दाखवतं. प्रत्यारोपणानंतर कोलेस्टेरॉलच्या गोळीचा उपयोग होतो का हे पाहणारी मोठी चाचणी २००३मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २,१०२ रुग्ण होते, पण युरोप आणि कॅनडातले.

मग आपले लोक प्रत्यक्ष मोजले तर काय दिसतं? टोरांटोच्या सेंट मायकेल्स हॉस्पिटलमध्ये किडनी बसवलेल्या रुग्णांचा असा अभ्यास झाला, तो २०११मध्ये छापला गेला. एकच शहर, एकच हॉस्पिटल. त्यात गोरे होते, कृष्णवर्णीय होते, पूर्व आशियाई होते आणि दक्षिण आशियाई, म्हणजे भारत, पाकिस्तान, श्रीलंका इकडचे. प्रत्यारोपणानंतर हृदयविकाराचे मोठे झटके आणि तत्सम घटना दक्षिण आशियाई रुग्णांत बाकी सगळ्यांपेक्षा जास्त निघाल्या. नेहमीचे धोके हिशेबात धरूनही फरक उरलाच.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे आपल्या रक्तातच आहे, चला, विषय संपला. थांबा. वंशाचा कॉलम किती धोकादायक असतो याचंही उदाहरण किडनीचंच आहे. किडनी किती टक्के काम करते हे काढायच्या २००९च्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचं उत्तर १.१५९ने गुणलं जायचं. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर आहे त्यापेक्षा बरी दिसायची आणि काहींचं नाव प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा लागायचं. २०२१मध्ये तो गुणक काढला, आणि २०२३पासून अमेरिकेत अशा रुग्णांना वाया गेलेली प्रतीक्षा भरून द्यायला सुरुवात झाली. एक गुणाकार, आणि माणसं डायलिसिसवर ताटकळत!

शिवाय 'दक्षिण आशियाई' हा डबा केवढा मोठा. शिरोळचा ऊसवाला शेतकरी, टोरांटोचा पंजाबी टॅक्सीवाला आणि हिंजवडीत दहा तास खुर्चीत बसणारा मी, सगळे एकाच डब्यात. फरक जनुकांमुळे किती, आईच्या पोटातल्या उपासमारीमुळे किती, खाण्यामुळे आणि बसून राहण्यामुळे किती, हे त्या एका शब्दात कळत नाही. माझ्या मते त्या कॉलमचा उपयोग एवढाच, की कुठे लवकर बघायला हवं हे त्यावरून समजतं. नशीब तिथे लिहिलेलं नसतं. बघायचं म्हणजे त्या माणसालाच मोजायचं.

काकांचं तसंच केलं. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली, १८६. ती चिठ्ठी आणि घेराचा आकडा घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी सांगितली. निदान: मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. (इथे कुणीही स्वतःचं डोकं चालवू नका. टॅक्रोलिमस मनाने कमी केलं तर किडनी जाऊ शकते, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं सायक्लोस्पोरिनशी अजिबात पटत नाही.) आमच्या हातात होतं ते चालणं आणि ताट. रंकाळ्याला रोज पाऊण तास. रस्सा बंद नाही, पण वाटी एकच आणि वरचा कट काढून. तीन महिन्यांत घेर दीड इंच उतरला.

जाता जाता एक. टेप हातात होतीच, म्हणून काकूंचंही पोट मोजलं. ८४ सेंटीमीटर. ज्या बाईने एक किडनी देऊन टाकली, तिने वर्षातून एकदा तरी रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन बघायला हवं. काकांच्या तीन जाड फायली कपाटात होत्या, काकूंची एकही नव्हती. आता आहे. पहिला रिपोर्ट गेल्या शनिवारी आला. रक्तदाब १३८/८८. डॉक्टरांनी घरी मशीन घेऊन पंधरा दिवस लिहून ठेवायला सांगितलंय. काकू म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" पण लिहितात.

तुमच्या घरात कुणी किडनी घेतली असेल, किंवा दिली असेल, तर क्रिएटिनिनच्या पुढची पानंही वाचा. आणि टेप शिंप्याकडची चालते.