सहा ठिपके

परवा माझ्या हुशारीपायी भाच्याचा डोळा जाता जाता वाचला. लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो.

सासवडच्या बाजूला माळावर भटकायला गेलो होतो. मी, ताई आणि तिचा आठ वर्षांचा ओम. पाऊस नुकताच सुरू झालेला. किडा ओमनेच शोधला. चांगला दीड इंची, काळा कुळकुळीत, अंगावर सहा पांढरे ठिपके.

"मामा, हा कोण?"

मामा म्हणजे इंटरनेटवर रात्र रात्र किडे बघणारा माणूस! "सहा ठिपके ना? सिक्स-स्पॉटेड टायगर बीटल. घे हातात, काही करत नाही."

ओम वाकला आणि किड्याने मागून फवारा मारला. गालावर, डोळ्याच्या अगदी खाली. पोरगं किंचाळलं. पाण्याच्या होत्या तेवढ्या बाटल्या ओतल्या, मग डॉक्टर. डोळ्याला काही झालं नाही. ताई घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रात्री वाचत बसलो. सिक्स-स्पॉटेड टायगर बीटल आहे, पण उत्तर अमेरिकेत, आणि तो झगझगीत हिरवा, जेमतेम दीड सेंटीमीटरचा. शास्त्रीय नाव सिसिंडेला सेक्सगुट्टाटा. आपल्या माळावरचा तो अँथिया सेक्सगुट्टाटा. सेक्सगुट्टाटा म्हणजे सहा ठिपक्यांचा. आडनाव एकच, घराणं वेगळं! अँथिया हा ग्राउंड बीटल, आणि तो फॉर्मिक अ‍ॅसिड फवारतो. थोडक्यात, मी नुसती स्ट्रिंग मॅच केली आणि 'ट्रू' रिटर्न करून मोकळा झालो.

मग टायगर बीटल ओळखायचा कसा? ठिपके सोडा, तोंड बघा. डोळे इतके बटबटीत की डोकं मानेपेक्षा रुंद दिसतं. कोयत्यासारखे, एकमेकांवरून जाणारे जबडे. मिशा जबड्याच्या मुळाच्या वर फुटलेल्या; ग्राउंड बीटलच्या त्या बाजूला, डोळा आणि जबडा यांच्या मध्ये असतात. शिवाय बहुतेक टायगर बीटल जवळ गेलं की भुर्रकन उडून थोडं पुढे जाऊन बसतात. अँथियाला उडताच येत नाही.

याची अळीही शिकारीच. जमिनीत उभं बीळ करते, डोक्यानेच त्याचं तोंड बंद करून दबा धरते. पाठीवरच्या आकड्यांनी बिळाला घट्ट धरलेलं असतं, म्हणजे धडपडणारं भक्ष्य तिला बाहेर ओढू शकत नाही.

पण मला सगळ्यात आवडलं ते त्याचं पळणं. ऑस्ट्रेलियातली एक जात सेकंदाला अडीच मीटर पळते. भक्ष्यामागे सुटला की वेग इतका की डोळ्यांना चित्र उमटवण्याइतका प्रकाशच मिळत नाही. तेवढ्यापुरता आंधळा! मग थांबतो, भक्ष्य कुठाय ते पुन्हा बघतो, पुन्हा सुटतो. पळताना मिशा पुढे ताठ धरतो, अडथळा त्यांना कळतो.

पुढच्या रविवारी ओमला घेऊन नदीकाठी गेलो. ताईने पाठवलं, पण गॉगल घालून. ओल्या वाळूत काहीतरी चमकलं, सुर्रकन पळालं, थबकलं, पुन्हा पळालं.

"मामा, टायगर बीटल?"

मी वाळूत पालथा पडलो, कॅमेऱ्याचा झूम पूर्ण ताणला.

"थांब. आधी तोंड बघू दे."