नव्वद मण्यांचा डबा

थांबा, आधी एक स्टीलचा डबा घ्या! त्यात ३० लाल मणी टाका. मग घरातल्या कुणाला तरी आणखी ६० मणी टाकायला सांगा, काही काळे, काही पिवळे. कोणते किती, ते त्याने अजिबात सांगायचं नाही! झाकण लावा, हलवा! आता न बघता एक मणी काढायचा. लाल आला तर शंभर रुपये, की काळा आला तर शंभर रुपये? कशावर लावाल?

लालवर ना? मीही! आईही! शेजारच्या काकूही!

आता दुसरी पैज, डबा तोच. 'लाल किंवा पिवळा' की 'काळा किंवा पिवळा'? आम्ही तिघींनी एका दमात 'काळा किंवा पिवळा' म्हटलं, कारण ते नक्की ६० आहेत! आणि मग मी कागद-पेन घेऊन बसले आणि मग अंगावर काटाच आला, कारण पहिल्यांदा लाल निवडला म्हणजे काळे तिसापेक्षा कमी धरले आणि दुसऱ्यांदा तेच काळे तिसापेक्षा जास्त! एकाच डब्यात! एकाच मिनिटात!

हे कोडं १९६१ मध्ये डॅनियल एल्सबर्गने मांडलं. होय, तोच एल्सबर्ग, ज्याने १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वर्तमानपत्रांना दिली!

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही, गेल्या आठवड्यापर्यंत यातलं काहीही माहीत नव्हतं. पण आता राहवत नाही, ऐकाच! १९२१ साली, एकाच वर्षी, दोन पुस्तकं आली. अमेरिकेत फ्रँक नाइटचं, इंग्लंडमध्ये केन्सचं. नाइट म्हणतो, जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी! शॅम्पेनच्या बाटल्या फुटतात, पण किती फुटणार याचं प्रमाण कारखानदाराला ठाऊक असतं, म्हणून तो ते सरळ खर्चात धरतो. बाटली फुटते आणि तरीही त्यात अनिश्चितता नाही! खरा नफा येतो तो जिथे असं प्रमाण काढताच येत नाही तिथून!

आणि केन्स! लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे आपल्याच देशाचा कारभार बघणाऱ्या कचेरीत, १९०६ ते १९०८ नोकरी करता करता तो संभाव्यतेवरचा प्रबंध लिहीत होता! काही संभाव्यतांना आकडाच नसतो, असं त्याचं म्हणणं. पुढे केंब्रिजच्याच फ्रँक रॅम्सेने १९२६ मध्ये त्याला हरकत घेतली: माणूस कशावर किती पैज लावतो ते बघा, आकडा मिळेल! मिळेल? मग आमच्या डब्यातल्या काळ्या मण्यांचा आकडा कुठला? केन्सने तर १९३७ मध्ये पुन्हा ठासून लिहिलं की रूलेटचा खेळ या अर्थाने अनिश्चित नाहीच. वीस वर्षांनंतर तांब्याचा भाव काय असेल, व्याजाचा दर काय असेल, ते अनिश्चित, त्याचं गणित मांडायला पायाच नाही!

काकूंना मी हिशेब दाखवला. "तरी मी लालवरच लावीन," त्या म्हणाल्या, "ते मोजलेत ना!" मला वाटतं काकूंचं बरोबर आहे. न मोजलेलं आणि मोजलेलं यांना त्यांनी एका तराजूत घातलं नाही, आणि यात मला तरी काही चूक दिसत नाही.

आज रात्रीच डबा काढा. आणि हिशेब आधी कुणाला सांगू नका!